ज्यांच्यासाठी मदत मागतो, त्यांच्यासमोर वाचता येईल असं आवाहन कसं लिहायचं

शहाद्याच्या आठवडे बाजारात एका बियाण्याच्या दुकानाच्या भिंतीवर आमच्या संस्थेचं कॅलेंडर टांगलेलं होतं. एक बाई पिशवी खाली ठेवून त्याच्यासमोर उभी राहिली आणि दुकानदाराला म्हणाली, "हाऊ मना पोऱ्या शे ना?" तिचाच मुलगा होता. फुगलेलं पोट, नाकातून वाहणारा शेंबूड, उघडं अंग. खाली ठळक अक्षरांत ओळ होती, 'कुपोषणाच्या विळख्यात उमलण्याआधीच कोमेजणारी कळी'. फोटो मी काढला होता आणि ओळही माझीच होती. तोवर तो मुलगा बरा होऊन दुसरीत गेला होता आणि शाळेतली पोरं त्याला 'कॅलेंडर' म्हणून हाक मारत होती.

मी तिच्या घरी गेले. तिने बसायला गोधडी टाकली, बिनदुधाचा चहा दिला. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आजारी होता तेव्हाचा फोटो लावला तुम्ही. बरा झाला तेव्हा कोणी आलंच नाही." फोटो काढताना मी तिला विचारलं होतं. "फोटो काढू का?" एवढंच. कॅलेंडर, भिंत, बाजार, शाळेतली पोरं यांतलं काहीच विचारलं नव्हतं.

धुळे, नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत शेकडो लहानमोठ्या संस्था, मंडळं, महिला गट, शाळा आणि तरुणांचे ग्रुप लोकांकडून मदत मागतात. कोणी पत्रक छापतं, कोणी व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो टाकतं, कोणी कंपनीला प्रस्ताव पाठवतं. त्यांच्यापैकी जे लिहितात आणि फोटो काढतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. पायऱ्या माझ्या कामातून बनलेल्या आहेत. कसोटी एकच धरली आहे: ज्या माणसाबद्दल लिहिलं, त्याच्या शेजारी बसून, त्याला कळेल त्या बोलीत तो मजकूर मोठ्याने वाचता आला पाहिजे. वाचताना जिथे आपला आवाज खाली येतो, तिथे काहीतरी चुकलेलं असतं.

पहिली पायरी: फोटो उघडण्याआधी कारण लिहून काढा

आवाहन लिहायला बसलं की आपण आधी फोटो निवडतो. मग फोटोच मजकूर ठरवतो. हा क्रम उलटा करा. कोऱ्या कागदावर तीन गोष्टी लिहा: काय घडतं आहे, का घडतं आहे, आणि तिथले लोक स्वतः त्यावर आधीपासून काय करत आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर लिहायला बसू नका, पुन्हा गावात जा.

दर पावसाळ्यात आपल्याकडे झोळीचा फोटो फिरतो. बांबूला चादर बांधलेली, आत बाळंतीण किंवा आजारी म्हातारा, खांदा द्यायला चारसहा माणसं, गुडघाभर पाण्याचा नाला. खाली ओळ असते, 'अज्ञानाच्या अंधारात आदिवासी'. त्या फोटोत अज्ञान कुठे आहे? त्या बाईला दवाखान्यातच न्यायचं म्हणून तर ती माणसं सात-आठ किलोमीटर डोंगर उतरत आहेत. नाल्यावर फरशी (छोटा पूल) नाही, रस्ता पाड्यापर्यंत येत नाही, गाडी खालीच थांबते. खांदेकरी आळीपाळीने बदलतात, एक पोरगा पुढे पळत जाऊन नेटवर्क मिळेल त्या टेकडीवरून आशाताईंना फोन लावतो. कारण लिहिलं की आवाहन बदलतं. 'या अभागी लोकांना मदत करा' असं लिहिणारा हात मग लिहितो, 'या नाल्यावर फरशी होईपर्यंत खाली एक गाडी कायम उभी ठेवायची आहे, तिचा डिझेल आणि चालकाचा खर्च हवा आहे, आणि फरशीसाठी ग्रामसभेने ठराव करून दिलेला आहे.'

कारण गाळल्याचा परिणाम किती लांबवर जातो, याचं सगळ्यात मोठं उदाहरण इथिओपियाचं आहे. २३ ऑक्टोबर १९८४ रोजी बीबीसीवर कोरेमच्या छावणीतला वृत्तांत दिसला. मायकेल ब्यूर्क यांचा आवाज आणि मोहम्मद अमीन यांचा कॅमेरा. त्यातून जगभर मदतीची लाट उठली. १३ जुलै १९८५ ला लंडन आणि फिलाडेल्फियात 'लाइव्ह एड'ची प्रचंड मैफल झाली. पैसा जमला, धान्य गेलं, जीव वाचले. ते कमी लेखायचं कारण नाही. पण दुष्काळाला लागून तिथे यादवी युद्ध चालू होतं आणि सरकारची धोरणं लोकांना उपाशी ठेवत होती, ही बाजू लोकांच्या मनात उतरलीच नाही. व्हीएसओ या ब्रिटिश संस्थेने २००१ मध्ये अहवाल काढला. त्यात दिसलं, की ८० टक्के ब्रिटिश लोकांच्या मनात विकसनशील देश म्हटल्यावर दुष्काळ, आपत्ती आणि पाश्चात्त्यांची मदत एवढंच येतं. सोळा वर्षांनंतरही मनातलं चित्र तेच होतं. युरोपातल्या स्वयंसेवी संस्थांनी प्रतिमा आणि संदेशांबद्दलची आचारसंहिता १९८९ मध्येच स्वीकारली होती, तरीही.

हे दूरचं वाटत असेल तर घरातल्या म्हाताऱ्या माणसांना १९७२ चा दुष्काळ विचारा. अमेरिकेतून आलेली तांबडी मिलो ज्वारी आणि मुलांना वाटलेली सुकडी त्यांना आठवते. घेणाऱ्याच्या बाजूला आपणही होतो. पण त्या दुष्काळाची गोष्ट सांगताना आपली माणसं मिलोपाशी थांबत नाहीत. खडी फोडली, नालाबांध घातले, पाझर तलाव खोदले, आठवड्याला पगार घेतला, हे सांगतात. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. आपल्या आजीची गोष्ट आपण अशी सांगतो. मग धडगावच्या आजीची गोष्ट फक्त मिलोपाशी का थांबवायची?

दुसरी पायरी: परवानगी घ्या, आणि 'नाही' म्हणायला जागा ठेवा

"फोटो काढू का?" याला आपल्याकडे कोणी नाही म्हणत नाही. पाहुणा दारात आला आहे, गाडीतून उतरला आहे, सोबत अंगणवाडी सेविका आहे. ज्या ताईंकडून पोराचा आहार मिळतो, त्या शेजारी उभ्या असताना नाही कोण म्हणेल? म्हणून परवानगी विचारताना सेविका, सरपंच, आपला क्षेत्र कार्यकर्ता यांना थोडा वेळ बाजूला थांबायला सांगा. बोली येत नसेल, समोरचं माणूस पावरी किंवा भिलोरी बोलणारं असेल, तर गावातलीच एखादी शिकलेली मुलगी दुभाषी म्हणून घ्या.

मी आता या क्रमाने बोलते:

"मावशी, आधी हे सांगते की तुम्ही फोटोला नको म्हणालात तरी बाळाचं औषध आणि आहार चालूच राहणार. त्याचा याच्याशी काही संबंध नाही. आम्हाला हा फोटो पत्रकात छापायचा आहे. हे बघा, मागच्या वर्षीचं पत्रक असं होतं. ते नाशिक, पुणे, मुंबईला जातं. फेसबुकवरही टाकतो. तिथे गेला की कोणालाही दिसतो, तुमच्या माहेरच्यांनाही, शाळेतल्या पोरांनाही. नंतर तुम्ही काढा म्हणालात तर आम्ही काढू, पण ज्यांनी आपल्या मोबाइलमध्ये घेतला त्यांच्याकडे तो राहील. आज उत्तर देऊ नका. घरात बोला. मी शुक्रवारी येते."

शुक्रवारी खरंच जा. दर चारपाच घरांमागे एखादं घर नको म्हणतं, असा माझा अनुभव आहे. पहिल्यांदा मला ते अपयश वाटलं होतं. आता कोणीच नको म्हणालं नाही तर शंका येते, की मी नीट विचारलं नसावं.

होकार मिळाला तर अंगठ्याच्या कागदासोबत त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत तो मोबाइलवर रेकॉर्ड करून ठेवा. होकाराची मुदत ठरवा. आम्ही दोन वर्षं धरतो, मग फोटो वापरातून काढतो. आणि एका चिठ्ठीवर आपला फोन नंबर मोठ्या आकड्यांत लिहून घरात देऊन या, म्हणजे मन बदललं तर कळवता येईल.

तिसरी पायरी: फोटो

उभं राहून, बसलेल्या माणसाचा वरून फोटो काढू नका. खाली बसा, कॅमेरा त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा. एवढ्या एका गोष्टीने चेहरा बदलतो. वरून काढलेल्या फोटोत माणूस मागणारा दिसतो. समोरून काढलेल्यात तो आपल्याशी बोलत असतो.

"थांबा, लुगडं बदलून येते," असं बाई म्हणाली तर थांबा. 'नैसर्गिक' फोटो हवा म्हणून मळक्या कपड्यांतच उभं करणाऱ्या छायाचित्रकाराला मी आमच्या गाडीत पुन्हा घेतलं नाही. आपणही आधार कार्डाच्या फोटोला केस विंचरून जातो. आधारचं नाव निघालंच आहे तर सांगते: देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच टेंभली गावात, शहाद्याजवळ, दिलं गेलं. पंतप्रधान मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी आले होते, साऱ्या देशाने ते फोटो पाहिले. पुढे पत्रकार वर्षानुवर्षं त्या गावात येऊन 'काय बदललं?' असं विचारत राहिले. एक दिवस छापून आलेलं गाव पुढची कित्येक वर्षं त्या एका फोटोला उत्तर देत बसतं. आपल्या लहानशा पत्रकातल्या पाड्याचंही तसंच होतं.

चौकटीत कोण आहे ते बघा. मूल एकटंच असेल तर वाचणाऱ्याला वाटतं, याला कोणीच नाही. आई, आजी, आशाताई, पाण्याचा हंडा भरणारी बहीण यांना चौकटीबाहेर ढकलून आपण एक अनाथ तयार करतो. मूल एकटं दिसलं तर कॅमेरा दोन पावलं मागे न्या.

ऋतूचंही भान हवं. सातपुडा मे महिन्यात उघडाबोडका आणि तांबूस दिसतो, ऑगस्टमध्ये तोच डोंगर डोळे निवतील इतका हिरवा असतो. मे मधला फोटो वर्षभर वापरला की पुण्यातल्या माणसाला वाटतं, तिथे काही उगवतच नाही. मग भगर, मका, मोहफुलं, चारोळी आणि आमचूर येतात कुठून? प्रत्येक फोटोखाली महिना आणि वर्ष घाला. मागच्या पुराचा फोटो या वर्षीच्या पुराला कधीही लावू नका. तो एकदा पकडला गेला की खऱ्या पुराच्या वेळीही लोक विश्वास ठेवत नाहीत. एआयकडून बनवून घेतलेलं भुकेलं मूल तर नकोच. त्या मुलाची परवानगी कोणाकडून घेणार?

आणि जिओटॅग. आजकाल बहुतेक निधी देणारे खाली अक्षांश-रेखांश आलेला फोटो मागतात. तो कार्यालयाच्या फायलीसाठी ठीक आहे. घडतं असं की घाईत तोच फोटो फेसबुकवर जातो, आणि एका आजारी मुलीच्या चेहऱ्याखाली तिच्या घराचा नेमका पत्ता छापला जातो. म्हणून दोन फोटो काढा: कामाचा, जिओटॅगसह, चेहरे नसलेला; आणि माणसांचा, जिओटॅग बंद करून.

चौथी पायरी: मुलांच्या बाबतीत कायदा स्पष्ट आहे

बाल न्याय अधिनियम २०१५ चं कलम ७४ सांगतं, की काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या किंवा कायद्याशी संघर्ष झालेल्या मुलाची ओळख पटेल असं नाव, पत्ता, शाळा, फोटो काहीही प्रसिद्ध करायचं नाही. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणात पोक्सो कायदा २०१२ चं कलम २३ लागू होतं. बालगृह, निरीक्षणगृह, सुटका झालेली बालमजूर मुलं यांचे 'आधी आणि नंतर' फोटो हौसेने छापणाऱ्या संस्थांनी हे वाचून घ्यावं. डोळ्यांवर काळी पट्टी मारली म्हणजे ओळख लपली असं होत नाही. गणवेशावरचं शाळेचं नाव, मागचा ग्रामपंचायतीचा फलक, आईचा चेहरा, यांवरून गावातलं कोणीही ओळखतं.

कुपोषणाच्या कामात दंडाच्या घेराची पट्टी लागते. सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली आला तर लाल, साडेअकरा ते साडेबारामध्ये पिवळा. देणगीदाराला समजावायचं असेल तर पट्टी आणि दंड पुरेसे आहेत. चेहरा लागत नाही. माझ्या त्या कॅलेंडरलाही लागला नसता.

पाचवी पायरी: शब्द एकेक करून तपासा

'लाभार्थी' हा सरकारी नोंदीचा शब्द आहे. यादीत असू द्या. गोष्टीत तो माणूस आई, गवंडी, शेतमजूर, सातवीतली मुलगी असा येऊ द्या. 'गाव दत्तक घेतलं' हे लिहिणं थांबवा. ज्या गावात ग्रामसभा आहे, पोलीस पाटील आहे, सत्तर वर्षांचे कारभारी आहेत, ते गाव आपलं मूल कसं होईल? 'त्या गावासोबत तीन वर्षं काम करायचं ठरलं' असं लिहिता येतं. 'बिचारे', 'भोळेभाबडे', 'उद्धार', 'मुख्य प्रवाहात आणणे' हे सरळ काढून टाका. 'दुर्गम' लिहायचं तर कुठून दुर्गम ते लिहा: तालुक्याच्या गावापासून इतके किलोमीटर, त्यांतले इतके पायी.

नाव ठेवण्याची ताकद मोठी असते. २०१८ मध्ये केंद्राने नंदुरबारचा समावेश 'आकांक्षित' जिल्ह्यांत केला. 'मागास'पेक्षा हा शब्द बरा, असं माझं प्रामाणिक मत आहे, कारण तो माणसाला काय हवं आहे त्याकडे बोट दाखवतो. पण काय हवं आहे हे त्यालाच विचारावं लागतं. अक्कलकुवा तालुक्यातल्या मणिबेली या गावाने ते जगाला ऐकवलं. सरदार सरोवर धरणासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये कर्ज मंजूर केलं, तेव्हा कागदोपत्री तो विकास होता. मणिबेलीसारख्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांनी विचारलेल्या प्रश्नांमुळे बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली, तिचा अहवाल १९९२ मध्ये आला, आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उरलेलं कर्ज घेणार नाही असं कळवलं. १९९४ मध्ये मोठ्या धरणांच्या कर्जाविरुद्ध ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी सह्या केलेल्या जाहीरनाम्याला नाव दिलं गेलं ते मणिबेलीचं. 'आवाज नसलेल्यांचा आवाज' ही ओळ लिहावीशी वाटली की मला हे गाव आठवतं.

तसंच साक्री तालुक्यातलं बारीपाडा. जंगल राखलं गावाने, नियम केले गावाने, दंड ठरवला गावाने. त्यासाठी झटणारे गावचेच चैत्राम पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे गेलेल्या एखाद्या संस्थेने 'आम्ही जंगल उभं केलं' असं लिहिलं तर ते कसं वाटेल? आपल्या प्रत्येक वाक्याचा कर्ता कोण आहे ते एकदा पेन्सिलीने गोल करून बघा. सगळीकडे 'संस्थेने' असेल तर मजकूर पुन्हा लिहा.

सहावी पायरी: आकडे आणि पैसे

'कुपोषणात ४० टक्के घट' असं मी स्वतः लिहिलं आहे. दहा तीव्र कुपोषित मुलं होती, सहा झाली. गणित बरोबर. पण समजा जूनमध्ये वजन केलेली मुलं ६४ होती आणि डिसेंबरमध्ये ४१. बाकीची कुठे गेली? दिवाळीनंतर घरं ऊसतोडीला गुजरातेत जातात, मुलं सोबत जातात. ६४ मध्ये १० म्हणजे साधारण १५.६ टक्के, ४१ मध्ये ६ म्हणजे १४.६ टक्के. घट जवळपास नाहीच, आणि जी मुलं फडावर आहेत त्यांचं काय चाललं आहे ते आपल्याला माहीतच नाही. आपल्या भागातला कोणताही आकडा लिहिताना तो कोणत्या महिन्याचा, किती जणांमधला आणि त्या वेळी गावात कोण नव्हतं, हे तिन्ही लिहा. होळीला माणसं परततात; तुलना करायची तर जूनची जूनशीच करा.

पैशाचंही उदाहरण मांडून दाखवते. ऊसतोडीला जाणाऱ्यांच्या ४० मुलांसाठी पाच महिन्यांचं हंगामी वसतिगृह चालवायचं आहे. जेवण रोज ८० रुपयांप्रमाणे १५० दिवस, म्हणजे ४,८०,००० रुपये. दोन काळजीवाहू ताई, महिना १२,००० प्रमाणे पाच महिने, म्हणजे १,२०,०००. जागा, वीज, डागडुजी ४०,०००. औषधं, साबण, वह्या ४०,०००. देखरेख, हिशेब, प्रवास ४०,०००. एकूण ७,२०,०००. एका मुलामागे हंगामाला १८,००० रुपये, म्हणजे दिवसाला १२०.

पत्रकात मात्र मोह होतो '८० रुपयांत एका मुलाचा दिवस' लिहायचा. ते ८० रुपये फक्त ताटातले आहेत. रात्री ताप आलेल्या पोराजवळ जागणाऱ्या ताईंचा पगार त्यात नाही. १२० च लिहा आणि कशाचे ते लिहा. 'तुमचा प्रत्येक रुपया थेट मुलांपर्यंत' असंही लिहू नका. रुपया ताईंच्या हातूनच मुलापर्यंत जातो. आणि 'आयुष्य बदलेल' हे वचन १२० रुपयांवर टाकू नका. मूल पाच महिने शाळेत राहील, एवढं खात्रीने सांगता येतं, आणि ते पुरेसं मोठं आहे.

कागदपत्रांचं थोडक्यात: धर्मादाय नोंदणी क्रमांक छापा. देणगीवरची आयकर सवलत (८०जी) लिहिणार असाल तर नोंदणी चालू आहे ना ते बघा, आणि २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती मिळत नाही हे देणाऱ्याला आधीच सांगा. क्यूआर कोड फिरत फिरत परदेशात जातो. तिकडे राहणारा भारतीय पासपोर्टधारक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देऊ शकतो. परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाची देणगी एफसीआरए (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी असल्याशिवाय घेता येत नाही. ही ओळ कोडाखालीच छापा.

सातवी पायरी: एका माणसाची गोष्ट, पण पूर्ण

एका माणसाच्या गोष्टीला लोक जास्त देतात, हे खरं आहे. अमेरिकेतल्या संशोधकांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांकडे पाच डॉलर होते. मालीतल्या सात वर्षांच्या एका मुलीबद्दल वाचलेल्यांनी सरासरी २.३८ डॉलर दिले, नुसती आकडेवारी वाचलेल्यांनी १.१४. मुलगी आणि आकडेवारी एकत्र दिली तेव्हा १.४३. यावरून बरेच जण धडा घेतात की आकडे फेकून द्या आणि चेहरा मोठा करा. मी तो धडा घेत नाही. गोष्ट एका माणसाचीच लिहा, पण कारण त्या गोष्टीच्या आतूनच येऊ द्या, वेगळ्या चौकटीत आकडे लावून नको.

हा माझा जुना मजकूर:

'आठ वर्षांची एक निरागस मुलगी. हातात पाटी-पेन्सिल हवी, तिथे कोयता आला. तिच्या डोळ्यांतले अश्रू तुम्हाला दिसत नाहीत का? आजच मदत करा.'

आणि हा आताचा:

'आठ वर्षांच्या ज्योतीला (नाव बदललं आहे) पाढे सतरापर्यंत येतात. दरवर्षी दिवाळीनंतर तिची शाळा सुटते, कारण आई-वडील बारडोलीकडे ऊसतोडीला जातात आणि घरी लहान भावाला धरायला दुसरं कोणी नसतं. मुकादमाकडून उचल घेतलेली असते, त्यामुळे न जाणं हातात नसतं. या वर्षी गावातल्या अकरा घरांनी मिळून ठरवलं, की मुलं इथेच राहतील, आणि ज्योतीच्या आजीने स्वयंपाकाची जबाबदारी घेतली. जागा ग्रामपंचायतीने दिली. राहिलेल्या खर्चासाठी आम्ही तुमच्याकडे आलो आहोत: एका मुलामागे दिवसाला १२० रुपये, १५० दिवस.'

दुसऱ्या मजकुरात अश्रू नाहीत, पण वाचणाऱ्याला आपला पैसा कुठे बसतो ते कळतं. उचल हा एक शब्द आला की गरिबी आकाशातून पडलेली राहत नाही, तिला व्यवहार असतो, मुकादम असतो, कारखाना असतो. नाव बदललंत तर तसं लिहा, आणि गावाचं नाव व शाळेचा फोटो सोबत देऊन ते बदलणं वाया घालवू नका.

आठवी पायरी: देणगीदाराला सांगता आलं पाहिजे

"ताई, जरा रडका फोटो पाठवा ना, हे सगळे हसतायत." हा फोन मला अनेकदा आला आहे. मनाने वाईट माणसं नसतात ती, त्यांना त्यांच्या वरिष्ठांना दाखवायचं असतं. मी सांगते, "साहेब, ती हसतेय कारण तुमच्या मदतीने चाललेल्या केंद्रातून ती बरी होऊन आली. तुम्हाला हाच फोटो दाखवायला हवा." बहुतेक वेळा पटतं. एकदा पटलं नाही, निधी थांबला, आणि ते वर्ष आम्हाला ओढाताणीत काढावं लागलं. तरी तो फोटो दिला नाही याचं मला वाईट वाटत नाही.

वाटपाचे फोटो हा सगळ्यात अवघड भाग. ब्लँकेट एक, धरणारे हात आठ, मागे बॅनर, आणि मधे मान खाली घातलेली म्हातारी. देणगीदाराला पुरावा हवा असतो, तो दुसऱ्या वाटेने द्या: खरेदीचं बिल, साठा नोंदवही, सही-अंगठ्यांची यादी, गाडीतून उतरणाऱ्या गठ्ठ्यांचा फोटो. वस्तू संध्याकाळी घरोघर, कॅमेऱ्याशिवाय द्या. महिन्याभराने दप्तर खांद्यावर घेऊन शाळेत निघालेल्या मुलांचा फोटो परवानगी घेऊन काढा. आम्ही हे लेखी अट म्हणून करारात घालतो, मग ऐनवेळी वाद होत नाही.

भेटीच्या दिवशी शाळा बंद ठेवू नका, मुलांना उन्हात रांगेत उभं करू नका, स्वागताला नाचायला लावू नका. होळीच्या दिवसांत पाहुण्यांना काठी गावची होळी बघायची असते. तिथे कमरेला घुंगरू आणि डोक्यावर मोरपिसांचा टोप घातलेले बुध्या-बावा नवस फेडत असतात, व्रत पाळत असतात. तो धर्म आहे, कार्यक्रम नाही. पाहुण्यांना गाडीतच हे सांगून ठेवा, आणि त्या फोटोंना 'आमच्या प्रकल्पातले आदिवासी' अशी ओळ लागणार नाही हेही बघा.

नववी पायरी: छापायला देण्याआधी परत जा

ही पायरी सगळ्यांत जास्त वेळ खाते आणि सगळे हीच गाळतात. कच्चा मजकूर आणि फोटोची प्रत घेऊन त्या घरी जा, त्यांच्या बोलीत वाचून दाखवा, आणि त्या म्हणतील ते लिहून घ्या. घरातल्या बाईला वाचून दाखवायचं असेल तर दुपारच्या वेळी जा, पुरुषमाणसं शेतावर असताना. तेव्हा ती मोकळं बोलते.

मला मिळालेल्या दुरुस्त्या अशा आहेत. एका शेतकऱ्याने 'मोडकी झोपडी' हा शब्द काढायला लावला, कारण फोटोत दिसत होता तो मक्याच्या राखणीचा माळा. त्याचं घर पलीकडे सागाच्या खांबांचं होतं. एका आशाताईंनी सांगितलं, की रात्री नदीपलीकडून बाळंतिणीला आणलं ते आमच्या कार्यकर्त्याने नव्हे, गावच्या होडीवाल्याने, आणि त्याचं नाव यायला पाहिजे. एका आजीने फोटो हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि मजकुराबद्दल काहीच बोलली नाही. फोटोतल्या नातवाच्या मागे दिसणारी शेळी तिची नसून शेजारणीची आहे, तेवढं लिहा म्हणाली, नाहीतर शेजारीण भांडेल.

शेळीची ओळ आम्ही छापली. पत्रकाच्या दहा प्रती त्याच पाड्यात वाटल्या, दोन अंगणवाडीच्या भिंतीवर लावल्या. ज्या मुलाच्या कॅलेंडरपासून हे सुरू झालं, त्याच्या आईला विचारून मागच्या हंगामात त्याचा नवा फोटो काढला. तो आता आश्रमशाळेत कबड्डी खेळतो. फोटो कोणता छापायचा ते त्यानेच मोबाइलवर बोट फिरवत निवडलं, आणि छापून आल्यावर एक प्रत घरी लावायला मागून नेली.